शिक्र्याचा दहावा

शिक्रा मेला त्या दिवशी मी पेढे वाटले. खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षं मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो.

शिक्रा म्हणजे कॉमिकमधला हिरो. मराठीतलं कॉमिक, आपल्याच शहरात छापलेलं, महिन्याला एक अंक. दिवसा हा विश्वजीत नावाचा पोस्टातला कारकून, रात्री पाठीला पंख बांधून गुंडांवर झडप घालणारा शिक्रा. सिल्लोडच्या बसस्टँडवर पहिला अंक घेतला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तो अठ्ठावीसचा. आता मी चव्वेचाळीसचा आहे. मिशीत पांढरं आलंय, मुकुंदवाडीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, दोन लेकरं आहेत, बीपीची गोळी आहे. आणि तो? अठ्ठावीस. अरे, काय अमृत पितो का काय? लहानपणी तो मला काका वाटायचा, मग भाऊ वाटायला लागला. आता तो माझ्या दुकानातल्या ऑपरेटरपेक्षा लहान वाटतो आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

श्रेया नावाची त्याची होणारी बायको आहे. ती बिचारी अडतीस वर्षं शालू नेसून बोहल्यावर उभी. दरसाल लग्नाचा विशेषांक निघतो. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, की गावात कुठंतरी बॉम्ब. हा पळाला! पुढच्या महिन्यात दोघं बागेत, नवीनच ओळख झाल्यासारखी. त्याच्या आईचं ऑपरेशन अडतीस वर्षं 'पुढच्या आठवड्यात' आहे. कुठल्या डॉक्टरला दाखवलंय तिला, देव जाणे. एकदा ह्याच्या घाईपायी ह्याचा जिवलग मित्र गेला. हा ढसाढसा रडला, शपथ घेतली, यापुढं विचार केल्याशिवाय उडी घेणार नाही. मला वाटलं, चला, गडी शिकला काहीतरी. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर विचार न करता उडी, आणि तो मेलेला मित्र शेजारी बसून चहा पितोय!

माझी बायको तनुजा म्हणायची, "एवढा राग येतो तर घेता कशाला?"

"राग येतो म्हणूनच घेतो," मी म्हणायचो. "सोडून दिला तर राग कुणावर काढू, तुझ्यावर?"

तर ह्या उन्हाळ्यात कॉमिकच्या मालकानं, राजेंद्रनं, जाहीर केलं, की शिक्र्याचा अंत होणार. परत येणार नाही. शब्द. आणि खरंच मारला. फुटणाऱ्या धरणाचा दरवाजा अंगावर घेऊन शिक्रा मेला. शेवटच्या चित्रात त्याची आई एकटीच, हातात कापडी पिशवी घेऊन, ऑपरेशनला निघालेली. मी दुकानात मशीन बंद करून रडलो, बरं का. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या कॉमिकमध्ये काहीतरी घडलं होतं. म्हणून पेढे.

आमचा वाचकांचा एक ग्रुप आहे, दहाबारा जणांचा. त्यातला सोमनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त. तो पेढा खात म्हणाला, "नाचू नको लई. येतंय बघ परत. ह्या लोकांचं काय खरं नाय."

"कसा येतो तेच बघतो," मी म्हणालो. "दहावा घालून टाकू त्याचा."

सोमनाथ हसला, पण मी हसत नव्हतो. आमच्याकडं दहावा झाला, पिंडाला कावळा शिवला, की माणूस गेला. विषय संपला. मी रोज 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स छापतो. 'परत आले हो' असा फ्लेक्स अजून कुणी सांगितला नाय. ह्या राजेंद्रचा शब्द कच्चा असेल, पण पिंडाला शिवलेला कावळा काय त्याच्या बापाचा नोकर नाय. एकदा रीतीप्रमाणं सगळं केलं की त्याची परतीची वाट बंद, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आणि माझ्या डोक्यानं एकदा घेतलं की घेतलं.

पैठणला गेलो, घाटावर. शिक्र्याचा फ्लेक्स उभा केला, मुखवट्यासकट. मुलाच्या जागी कुणीतरी बसायला पाहिजे होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, म्हणून मी बसलो. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावत विचारलं, "कोण गेलं?"

"जवळचं माणूस."

"मिशी पण उतरवायची ना?"

"दहावा आहे म्हटल्यावर उतरवायचीच की," मी म्हणालो.

बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाय. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात शिक्रा होता. सिल्लोडला बसलेले आबा नव्हते.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर ढीगभर, पण एक खाली येईना. आता अशा वेळी गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते बोलायचं असतं. सोमनाथ म्हणाला, "श्रेयाचं लग्न चांगल्या घरी लावून देऊ." काही नाय. दुसरा म्हणाला, "आईचं ऑपरेशन आम्ही करू." काही नाय. ऊन डोक्यावर आलं, नव्या टकलाला चटके बसायला लागले. शेवटी मी उठलो आणि ओरडलो, "तुला परत येऊ देणार नाय! माझा शब्द आहे! जा आता सुखानं!"

आणि शिवला की! पहिल्या झटक्यात. घाटावरची दुसरी माणसंसुद्धा बघत राहिली. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, सुटलास बाबा, आणि मीही सुटलो.

घोळ केला सोमनाथनं. त्यानं माझा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. तुळतुळीत डोकं, तुळतुळीत ओठ, पुढं पिंड, आणि खाली लिहिलं, 'दहावा, पैठण'. कुणाचा, ते लिहिलं नाय. शिक्र्याचा फ्लेक्स फोटोत आला नव्हता.

सिल्लोडला माझे वडील, सूर्यभानराव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मोंढ्यात, म्हणजे गावच्या धान्यबाजारात, मका-कापसाची आडत, गावाबाहेर थोडं शेत. आई गेल्यापासून ते आणि त्यांची धाकटी बहीण, माझी सुगंधा आत्या, दोघंच राहतात. संध्याकाळी आबा ओसरीवर भाकरी खात बसले होते. शेजारच्या चंपाबाई डोळ्याला पदर लावून आत आल्या, आबांना बघितलं आणि किंचाळल्या. त्यांच्या मागून मोंढ्यातले दोघं आले, दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन. ते दारातच थिजले. त्यातला एक म्हणाला, "मग आदिनाथनं मिशी काढली ती कुणासाठी?" आणि मोबाइलवरचा माझा फोटो दाखवला.

आबांचा फोन आला. "कोण गेलं?"

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना कळलंच नाय.

"कागदाचा माणूस?"

"व्हय."

"कागदाच्या माणसापायी तू माझ्या नावाची मिशी उतरवली?"

"आबा, ऐका तरी माझं..."

"तुझा बाप मेला," ते म्हणाले. "तूच दहावा घातला. आता इकडं फिरकायचं नाय."

मला वाटलं, दोन दिवसांनी उतरेल राग. आमचं तसंच असतं. दर सणाला भांडण, दोन दिवस अबोला, मग आबांची हाक यायची, "आद्या, मूर्खा, जेवला का?" आणि सगळं पहिल्यासारखं. पण ह्या वेळी हाक येईना. मी दोनदा सिल्लोडला जाऊन आलो, दोन्ही वेळा दाराला आतून कडी. आत्या फोनवर रडायची. म्हणायची, मोंढ्यात लोक दादाची टिंगल करतात. "सूर्यभानराव, तुम्ही अजून इथंच?" असं तोंडावर विचारतात. आबांनी मोंढ्यात जायचं सोडून दिलं. ज्या माणसानं तापातसुद्धा आडत बंद ठेवली नाय, तो दार लावून खाटेवर पडून होता. मला दुसरं काही नको होतं. एकदा मला आद्या मूर्खा म्हणा, एवढंच.

आणि पुढच्या महिन्यात शिक्रा परत आला.

व्हय, आला! मुखपृष्ठावर पंख पसरून, दात दाखवत. धरणाखाली मेला तो म्हणे शिक्रा नव्हताच, त्याचा मेणाचा पुतळा होता. मेणाचा! अरे, त्या पुतळ्यानं मरताना तीन पानं भाषण ठोकलं होतं! आई पुन्हा खाटेवर, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. श्रेया बागेत, केसांत तेच फूल. विश्वजीत पोस्टात शिक्के मारतोय. अठ्ठावीस वर्षांचा.

मी दुकान ऑपरेटरवर टाकलं आणि गाडी काढून औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. राजेंद्र चहा पीत होता. माझ्यापेक्षा थोडा लहान, गोरापान, बोलायला एकदम गोड. असल्या माणसांचा मला आधीच संताप येतो.

"शब्द दिला होता तुम्ही," मी म्हणालो.

"बसा ना, भाऊ. चहा घ्या."

"चहा गेला खड्ड्यात. परत येणार नाय असा शब्द होता."

तो हसला. "भाऊ, शिक्रा कसा मरेल? शिक्रा शिक्राच राहणार. लोकांना तेच पाहिजे असतं."

"कोण लोक? मी लोक नाय का? अडतीस वर्षं वाचतोय, पत्रं लिहितोय तुम्हाला. त्याचं लग्न लावा, त्याला पोर होऊ द्या, एकदा तरी गुडघा दुखू द्या त्याचा!"

"वाचली ना पत्रं," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी एकदा ऐकलंही होतं असंच. कानशिलावर चार पांढरे केस काढले शिक्र्याच्या. अंकांचे गठ्ठे परत आले, भाऊ. लोकांनी दुकानदारांना शिव्या दिल्या, आमचा शिक्रा म्हातारा केला म्हणून. तुम्हा वाचकांना बदल नको असतो. बदल मागायला आवडतो तुम्हाला, एवढंच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मला वर तोंड करून सांगतो का? मी मिशी उतरवलीय तुझ्या त्या पाखरापायी! माझा बाप माझ्याशी बोलत नाय! माझा बाप जिवंतपणी मेलाय गावात, आणि तुझा मेलेला शिक्रा पोस्टात शिक्के मारतोय!"

ऑफिसातली माणसं उठून उभी राहिली. राजेंद्रनं माझ्या ओठाकडं नीट बघितलं, खुंटं आली होती तिकडं, आणि त्याचा चेहरा उजळला. "खरंच? दहावा घातला तुम्ही? पैठणला? भाऊ, हे छापू या ना! वाचकांच्या पानावर. तुमचा टकलाचा फोटो आहे का?"

मी त्याचा चहा त्याच्या टेबलावर ओतला, सगळ्या कागदांवर. दोघा जणांनी दंडाला धरून मला जिन्यापर्यंत आणलं. खाली उतरताना मी दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण सगळ्या मनापासून होत्या.

त्याच रागात मी अंक घेऊन सरळ सिल्लोडला गेलो. माझ्या बुद्धीप्रमाणं हिशेब सोपा होता. ज्याचा दहावा घातला तो मेलाच नाय, म्हणजे दहावा झालाच नाय, म्हणजे आबांना काय झालंच नाय. पुरावा हातात होता. त्या दिवशी दार आत्यानं उघडलं, आबांना न विचारता.

आबा खाटेवर होते. दाढी वाढलेली, टोपी उशाला. माझ्याकडं बघितलं नाय. मी अंक पुढं ठेवला. "आबा, जिवंत आहे तो. मेला नव्हताच. हे बघा."

मग त्यांनी चष्मा लावला आणि अंक उचलला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शिक्रा वाचला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत. मग माझ्याशी न बोलता बहिणीला म्हणाले, "सुगंधे, ह्याला विचार, हा मेला व्हता ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग घरात कसा शिरला? दारात कुणी आडवलं नाय? आई म्हणली नाय, कुठं व्हतास मेल्या म्हणून?"

"नाय, आबा."

"आन जे रडले त्याच्यासाठी? त्येंचं काय?"

"काय नाय. सगळे विसरले."

आबांनी अंक खाली टाकला. "असला कसला रे तुझा शूर? ज्याचं कायच जात नाय त्याला कसली आलीय हिंमत? तुझी आई गेली, दुसऱ्या दिवशी मी तसाच उठलो का? त्या दिवसापास्नं मी दुसरा माणूस हाये. ह्याच्या अंगाला कायच लागत नाय. थू!"

महिन्याभरानं ते माझ्याशी बोलले होते. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात आत्या फणकारली, "त्याला कशाला नावं ठेवतोस दादा? तू तरी दुसरं काय करतोयस? दार लावून बसलायस. रोज तेच पांघरूण, रोज तीच शिवी."

आबांनी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं.

"आपल्यात रीत हाये," आत्या म्हणाली. "मेला समजून दहावा घातलेला माणूस परत आला, तर त्याला तसाच घरात घेत नव्हते. बारसं घालायचे. नवं नाव ठेवायचे. मग उंबऱ्याच्या आत. आपली आज्जी सांगायची, इसरलास का? नवं नाव घेऊन जा मोंढ्यात. बघू कोण टिंगल करतंय."

मी म्हणालो, "आत्या, काय वेडबिड लागलं का? पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचं बारसं?"

मला वाटलं आबा आता खाट उलटी करतात. त्यांनी उशाची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "घाला."

शुक्रवारी बारसं झालं. चंपाबाईंनी नातवाचा पाळणा आणला. आबा काय त्यात मावणार नव्हते, म्हणून त्यांची टोपी पाळण्यात ठेवली. गल्लीतल्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मोंढ्यातले सगळे आले, टॉवेल-टोपीवाले ते दोघंसुद्धा. नाव कुणी ठेवायचं ह्यावर वाद निघाला. नाव आत्या ठेवते, आणि आबांच्या आत्या कधीच वारलेल्या.

"वाद कशाला?" सुगंधा आत्या म्हणाली. "हा आता ह्या घरात आदिनाथच्या पाठीवर जन्मला. आदिनाथची आत्या तीच ह्याची आत्या." तिनं आबांच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि नाव ठेवलं सखाराम. घुगऱ्या वाटल्या. टॉवेल-टोपीवाल्यानं हात जोडून म्हटलं, "या सखारामराव, उद्या मोंढ्यात." आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. माझ्या जिवात जीव आला. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

माणसं गेल्यावर मी आबांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"धाकट्याच्या पाया पडतात व्हय?"

"धाकट्याच्या?"

"मी आज जन्मलो. तू चव्वेचाळीसचा. थोरला कोण?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हसू नको. तुझा बाप गेला. पैठणला गेला, तूच घालवला, तो आता यायचा नाय. आता थोरला तू. आडत ठेवायची का विकायची, शेत कुणाला लावायचं, मी इथं राहायचं का तुझ्याकडं शहरात, समदं तू ठरवायचं. मी इचारणार आन तू सांगणार. चुकलं तर तुझं चुकलं. वर कोण नाय आता तुझ्या."

"आबा..."

"सखाराम."

मला राग आला, खरं सांगतो. भडकून राग आला. हे काय मी मागितलं होतं? मला आबा पाहिजे होते. तेच, शिव्या देणारे, अबोला धरणारे, दोन दिवसांनी मूर्खा म्हणून हाक मारणारे. पण तोंडातून निघाला तो रडका आवाज. "नका ना असं, आबा. होऊ द्या ना सगळं पहिल्यासारखं."

त्यांनी पाळण्यातली टोपी उचलून झटकली.

"ते तुझ्या शिक्र्यात होतंय," ते म्हणाले. "आता सांग, आडतीचं काय करायचं?"

आत्या पदरानं पाळणा पुसत होती, तिनंही हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. दोघं वाट बघत होती. मी सवयीनं आबांच्या तोंडाकडं बघितलं, ते काय म्हणतात म्हणून. ते काहीच म्हणाले नाहीत.